तक्त्यातला तिसरा रकाना

ते यायचे म्हटलं की सौंसरातल्या बायका आधी दारातल्या चपला उचलून आत नेत. चोरीच्या भीतीनं नव्हे. हा माणूस उंबऱ्याशी वाकायचा, हाताला येईल ती चप्पल उलटी करायचा, चष्मा कपाळावर सरकवून तिचा तळवा वाचायचा आणि ती तशीच उलटी टाकून आत यायचा. दारात उलटी चप्पल पडली की घरात भांडण लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांच्यापायी तालुक्यात निदान चाळीस घरं फुटली, दोन ग्रामपंचायती पडल्या आणि पांढुर्ण्यात सख्ख्या भावांच्या किराणा दुकानात मधोमध भिंत आली, असं मी आजवर शपथेवर सांगत आलो आहे. भिंत आधीपासूनच होती, पण ते जाऊ द्या.

ते माझे साहेब. मूळचे बोरगावचे, घर सौंसरात, नोकरी नागपुरात. आमच्या ऑफिसचं काम एकच होतं. सरकारनं एखाद्या कामाला पैसा दिला, तर तो पोचला का आणि पोचून कोणाचं काय भलं झालं, हे जागेवर जाऊन पाहायचं आणि लिहायचं. याला मूल्यमापन म्हणतात. साहेब पाहायचे आणि मी टाइप करायचो. मीही सौंसरचाच, म्हणून शनिवारी आम्ही एकाच बसनं घरी येत असू, आणि सावनेर येईपर्यंत साहेबांना पुढच्या बाकावरच्या माणसाचा धंदा, गाव आणि गुडघेदुखी कळलेली असे. केवळ बुटाच्या तळव्यावरून.

पांढुर्ण्यात माझ्या चुलत मेहुणीला पाहायला मुलगा आला होता. मुलगा बँकेत, खुर्चीवर बसून काम. साहेबांना मी कौतुकानं नेलं होतं. त्यांनी दारातला बूट उचलला, पाहिला, खाली टाकला. पोहे आले तेव्हा मुलाला म्हणाले, "गाडी कोणची हाये?"

"कोणती गाडी?"

"डाव्या पायानं दिवसभर क्लच दाबून राहिला बेटा तू. बँकेच्या खुर्चीले क्लच कवापासून लागला?"

मुलगा टेम्पो चालवत होता. लग्न मोडलं. मुलीची मावशी साहेबांच्या नावानं कडाकडा बोटं मोडू लागली, तशी ते शांतपणे म्हणाले, "टेम्पो चालवते म्हणून नाही वो बाई. टेम्पो चालवणं चांगलं काम हाये. पहिल्याच दिवशी खोटं बोलला म्हणून."

"झालं" हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. त्यांच्या घरी काकूंनी आतून सांगावं, स्वयंपाक झाला, की साहेब उठून गॅसपाशी. झाकण काढून पाहणार. "वांगे तं कच्चेच हायेत. मंग झालं कसं?" काकू मला म्हणायच्या, "तुम्हीच सांगा भाऊ, याहिले जेवण वाढू का अहवाल वाढू?"

पण तपासणीत त्यांनी कुणाचा अपमान केलेला मी पाहिला नाही. इकडच्याच एका गावात सरकारी संडास बांधले होते. सगळे वापरात आहेत असा सरपंचाचा दाखला. साहेबांनी पहिलं दार उघडलं तर आत छतापर्यंत कुटार, बैलांसाठी भरून ठेवलेलं. दुसरा अधिकारी असता तर त्यानं सरपंचाला तिथंच सोलला असता. साहेबांनी लिहिलं: "वापरात आहेत. कुटार कोरडं राहतं. माणसांसाठी पाण्याची सोय झाल्यास माणसंही वापरतील." त्या गावात पुढल्या वर्षी पाण्याची टाकी आली. खरं लिहिलं की पुढचं काम आपोआप दिसतं, असं त्यांचं मत होतं. मी त्याला भाबडेपणा म्हणायचो.

मग एकदा आमच्याकडे सीमेवरचं काम आलं. फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या त्या दिवसांत तिकडच्या शेतांत भूसुरुंग पेरले होते. पुढे ते काढले. काही राहून गेले, काही पाण्याबरोबर सरकले, आणि त्यांवर पाय पडून माणसं जायबंदी झाली. सुरुंग काढून जमीन परत करायची आणि ज्यांचे पाय गेले त्यांना नकली पाय द्यायचे, या दोन्हींसाठी सरकारनं पैसा दिला होता. त्याचं काय झालं ते पाहायचं होतं. तिकडच्या माणसानं तिकडचं तपासू नये म्हणून कोणीतरी नकाशावर बोट ठेवून दूरचं ऑफिस निवडलं असावं. दोन रात्री आणि एक दिवस रेल्वेत काढून आम्ही पोचलो.

पहिल्या गावात आम्हाला एक शेत दाखवलं. कागद तयार होता: सुरुंग निघाले, जमीन निर्धोक. साहेब बांधावर उभे राहिले ते हलेचनात. सोबतचा अधिकारी घड्याळ पाहू लागला.

"बाबू," साहेब मला आपल्या बोलीत म्हणाले, "हातपंप तिकडं हाये, घरं इकडं. बाया पाणी घेऊन बांधाबांधानं जाऊन राहिल्या. शेतातून गेल्या तं निम्मं अंतर. मंग शेतातून पायवाट काऊन नाही पडली?"

मी पाहिलं. खरंच नव्हती. जमीन सपाट होती, मऊ होती, आणि तिच्यावर कुत्र्याचं पाऊलसुद्धा नव्हतं.

"लिह्य," ते म्हणाले. "सुरुंग निघाले. बाया अजून शेतातून गेल्या नाहीत." आणि बूट काढून, अनवाणी, ते स्वतः ते शेत ओलांडून हातपंपापर्यंत गेले. पंपापाशी ते पाणी प्यायले आणि त्याच वाटेनं परत आले. बायांनी घागरी खाली ठेवून पाहिलं, पण एकीनंही त्या पावलांत पाऊल टाकलं नाही. साहेबांनी तेही लिहायला लावलं.

मग पाय. यादीत सगळ्यांपुढे एकच शब्द होता: वापरात. साहेबांनी नेहमीप्रमाणे पाय आणायला सांगितले आणि एकेकाचा तळवा पाहिला. भिंतीच्या खुंटीवरून, जुन्या चादरीतून निघालेले पाय. तळवे दुकानातून आणल्यासारखे कोरे. साहेबांनी पाय पुन्हा नीट गुंडाळून ज्याचा त्याला दिला.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी गेलो तर तिथले तळवे झिजलेले. एक नाही, सगळे. मला फार बरं वाटलं. साहेबांनी मात्र अंगठ्याच्या खाचेत नख घातलं आणि लालसर भुकटी बाहेर काढली.

"माणूस चालते तवा टाच आधी झिजते, आणि तेही बाहेरून," ते म्हणाले. "हे चारी बाजूनं सारखं हाये. विटेवर घासले यायनं."

ज्या बाईचा पाय त्यांच्या हातात होता ती समोरच काठीवर उभी होती. चाळिशीची असेल. कापूस वेचताना तिचा पाय गेला होता. साहेबांनी तिला हिंदीत विचारलं, का घासला?

"साहब जी," ती म्हणाली, "ये पाँव शादी-ब्याह का है, खेत का नहीं। गीली मिट्टी में धँसता है, झुको तो गिरा देता है। कल फ़ोन आया कि साहब तलवे देखते हैं। आप लिख देते कि कोई पहनता नहीं, तो पैसा बंद हो जाता। मेरी देवरानी का पाँव इसी साल गया है। उसका नंबर अभी आया नहीं।"

तिची जाऊ मागे खाटेवर बसून कापसाची बोंडं सोलत होती. आमच्याबद्दल बोलणं चाललंय हे कळत असूनही तिनं मान वर केली नाही. सलवारीचा एक पाय दुमडून पिनेनं टाचलेला होता.

परतीच्या गाडीत साहेब झोपले नाहीत. आमच्या छापील तक्त्यात दोनच रकाने होते, "वापरात" आणि "वापरात नाही". पहिल्यात लिहिलं तर खोटं, आणि तसलेच पाय येत राहणार. दुसऱ्यात लिहिलं तर वर बसलेला कोणीही म्हणणार, वापरतच नाहीत तर देता कशाला? मग त्या जावेला कुठलाच पाय मिळणार नव्हता.

त्यांनी एक पाय पावती देऊन सोबत आणला होता. सौंसरला आल्यावर आमच्या सुताराकडून त्यांनी एक लाकडी सांगाडा करून घेतला. स्वतःचा पाय गुडघ्यात मागे दुमडून पट्ट्यानं बांधायचा, गुडघा सांगाड्यात रोवायचा आणि खाली तो नकली पाय. असा अवतार करून हा वर्ग दोनचा अधिकारी रजा टाकून बोरगावला गेला आणि बायांच्या ओळीत कापूस वेचायला उभा राहिला. पहिल्या दिवशी गाव पाहायला आलं, दुसऱ्या दिवशी रामाकोना आलं आणि तिसऱ्या दिवशी छिंदवाड्याहून जादा बस सोडावी लागली. निदान मी तसं सांगतो.

वेचणाऱ्या बायांची म्होरकी बनाबाई. तिनं कमरेची कापसाची ओटी सावरत विचारलं, "काय वो साहेब, पगार पुरून नाही राहिला का?"

"पुरते ना बनाबाई."

"मंग हे लंगडीचं सोंग कायले?"

"एक बाई हाये तिकडं. तुह्यासारखीच कापूस येचते. सुरुंगानं पाय गेला तिचा. सरकारनं हा देल्ला. हा घालून कापूस येचता येते का, ते पाहून राहिलो."

बायांचं हसणं बंद झालं. साहेब दोन झाडं पुढे गेले आणि ओल्या मातीत तोंडावर पडले. उठले. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा बनाबाईनं त्यांना बखोटीला धरून उठवलं आणि त्या पायाकडे नीट पाहिलं.

"हा पाय कोणं बनोला? त्यानं वावर पाह्यलं नाही कदी," ती म्हणाली. "तळवा केवढासा हाये पाहा. मेंढरंवाल्यायच्या उंटाचा पाय पाह्यला का? पसरट असते. म्हून मऊ मातीत फसत नाही तो." तिनं शेताच्या कडेच्या धुऱ्यावरची एक फळी उचलून सुतळीनं त्या पायाखाली बांधली. साहेब अख्खी ओळ न पडता चालून गेले.

संध्याकाळी रोज काट्यावर कापूस मोजला. ताडून पाहायला साहेबांनी एक दिवस आपल्या दोन्ही पायांवर वेचला होता, तो अठरा किलो. त्या पायावर चार. बनाबाईची फळी लावून अकरा. हे तिन्ही आकडे त्यांनी अहवालात घातले, बनाबाईच्या नावासकट. आणि तक्त्यात पेन्सिलीनं रेघ मारून तिसरा रकाना काढला: "घालायचा आहे, घालता येत नाही". सगळ्यांची नावं त्यात.

"बाबू, हे असंच्या असं टाइप कर."

मी म्हणालो, "साहेब, तिसरा रकाना तिकडं कोणी वाचत नसते. बेरीज पाहातेत ते. 'वापरात'खाली शून्य दिसलं का पैसा बंद. तुम्ही फक्त सही करा. खोटं लिहाचं काम माह्यावर सोडा, मले सवय हाये."

"चाय पिऊन राहिला तवा पाह्यजे तेवढं खोटं बोल बे," ते म्हणाले. "मी बी हसतो. टाइप करून राहिला तवा नको."

मी हो म्हणालो. आणि टाइप करताना ती दुमडून टाचलेली सलवार माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी तिसरा रकाना काढून टाकला. सगळी नावं "वापरात"खाली घातली. कापसाचे आकडे ज्या पानावर होते ते पान जोडलंच नाही. साहेबांनी सही केली. जगाच्या चपला वाचणाऱ्या त्या माणसानं मी टाइप केलेलं पान अकरा वर्षांत कधी परत वाचलं नव्हतं.

पैसा चालू राहिला. मी मनातल्या मनात स्वतःला हार घालून घेतला. काही महिन्यांनी मंजुरीच्या पत्राची प्रत आमच्याकडे आली. साहेबांनी ती उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली. अहवालानुसार सर्व पाय वापरात आहेत, सबब त्याच नमुन्याचे पाय उरलेल्यांना देण्यात आले. उरलेल्यांच्या यादीत ती जाऊ होती.

त्यांनी मला बोलावलं. मी दारातच उभा राहिलो.

"एका खुंटीवर होता," ते म्हणाले. "आता दोन खुंट्यांवर हाये."

एवढंच. शिवी दिली असती तर मी वाचलो असतो.

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता लिहून देतो की तक्ता मी बदलला. त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि मग ऑफिसातली तीस वर्षं वापरून, हळूहळू, समजावून सांगितलं. "साहेबाची चूक असली तं शुद्धिपत्र निघते. बरोबर तक्ता फाइलले लागते. बाबूनं कागद बदलला म्हटलं का अख्खा अहवाल खोटा ठरते. फाइल बंद, पैसा बंद. मंग त्या दोघींले ना हा पाय, ना दुसरा. समजलं? म्हून चूक माही. तू तोंड उघडाचं नाही."

"पण साहेब, तुमची रिटायरमेंट..."

"तोंड उघडाचं नाही म्हटलं ना."

त्यांनी पत्र पाठवलं: तक्ता माझ्या नजरचुकीनं चुकीचा गेला, बरोबर तक्ता तिसऱ्या रकान्यासह जोडत आहे. चौकशी बसली. बाहेरून एक अधिकारी आले. त्यांनी मलाही बोलावून विचारलं, हा तक्ता कोणी तयार केला? साहेब बाजूच्या खुर्चीत बसले होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी एक बोट टेबलावर ठेवलं. मी म्हणालो, साहेबांनी दिला तसा मी टाइप केला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं खोटं. त्यात एका शब्दाचीही भर घालता आली नाही.

सेवापुस्तकात ताशेरा बसला. निष्काळजीपणा, असा. पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले, तेव्हा चौकशी झालेल्या माणसाला हार घालायचा की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली आणि मग तो विषयच राहून गेला. ते पिशवी घेऊन नेहमीच्या बसनं सौंसरला आले. मी शेजारी होतो. सावनेरपर्यंत नाही, सौंसरपर्यंत नाही, त्यांनी कोणाच्याही बुटाकडे पाहिलं नाही.

शुद्धिपत्र मात्र फाइलला लागलं, आणि त्याचबरोबर कापसाच्या आकड्यांचं पानही. त्यानंतर दोन पावसाळे काहीच घडलं नाही. मग एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो असताना फोन वाजला. त्या गावातून. बाईच होती. नवीन पाय आले आहेत, पसरट तळव्याचे, गुडघ्यात बिजागरी असलेले. दोघी कापसात जातात. साहेबांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि ओरडून विचारलं, "कितने किलो?"

पलीकडून काहीतरी आकडा आला.

"दोनों के मिलाकर, कि एक के?"

पुन्हा उत्तर आलं. साहेबांनी फोन ठेवला, आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. काकू चहा घेऊन आल्या, मला खुणेनंच म्हणाल्या, राहू द्या. आकडा काय होता ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि तो मी आजवर बनवलेलाही नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. बोरगावच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, लोक दोन शब्द बोलले. आमच्या जुन्या ऑफिसातले एक गृहस्थ नागपूरहून आले होते. ते मनापासून बोलले, डोळे पुसत बोलले, आणि शेवटी म्हणाले, "माणूस आहे, चूक कोणाच्या हातून होत नाही? त्यांच्याही हातून एका तक्त्यात झाली. पण ती त्यांनी मोठ्या मनानं कबूल केली."

मी उठलो. म्हणालो, "तो तक्ता मी बदलला होता. त्यांनी दिला तो बरोबर होता."

सभेत कुजबुज झाली आणि मग लोक हसले. वाईट हसले नाहीत, मायेनं हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "बसा भाऊ. साहेबावर लय जीव होता तुमचा, आमाले मालूम हाये." नागपूरच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आणखी सांगायला लागलो तसे ते जास्तच हळवे झाले. जन्मभर ज्यांना मी उंटाएवढ्या थापा गिळायला लावल्या, त्यांच्या गळ्याखाली ही एक ओळ उतरेना.

लोक जेवायला उठल्यावर काकू माझ्यापाशी आल्या. पांढऱ्या साडीत त्या एकदम लहान दिसत होत्या.

"खरं का भाऊ?"

"खरं, काकू."

रागावल्या असतील असं वाटलं. कदाचित रागावल्याही होत्या.

"घरात त्यायनं बी कदी सांगतलं नाही मले," त्या म्हणाल्या. "पोरीचे सासरचे अजून इचारतेत, बाबाची चौकशी कायची होती म्हून." मग पदर तोंडाशी धरला, सोडला. "बोलून काही उपेग नाही. तुमच्या तोंडाचं कोणी धरत नाही. लिहून द्या."

म्हणून लिहून देतो आहे. फाइल आता बंद झाली, पाय पोचले, माझ्या खरं बोलण्यानं कोणाचं काही थांबायचं राहिलेलं नाही. वर जे लिहिलं त्यातलं ज्याला जेवढं वजा करायचं त्यानं तेवढं करावं, मी भांडायला येणार नाही. पण तक्ता मी बदलला होता. साहेबांनी दिलेला तक्ता बरोबर होता.